मेंढरं मधी तोडत न्हाईत

अनसाबाई: सरळच जायाचं, पाव्हणं. वळायचं न्हाईच कुठं. पारगावचा पूल लागला की भीमा वलांडायची, म्होरं केडगाव, मग चौफुला. ह्या रस्त्याला कोण चुकत न्हाई.

विश्वजीत: आम्ही दोनदा चुकलोय, मावशी. सरळच गेलो, एकदाही वळलो नाही, आणि पूल यायच्या ऐवजी तुम्हीच आलात. हाच फाटा, हीच बाभळ, हीच तुमची पेरूची पाटी.

अनसाबाई: मगाशी पांढरी गाडी गेली ती तुमचीच व्हय?

विश्वजीत: आमचीच. त्याच्या आधीची पण आमचीच.

अनसाबाई: मला वाटलं येकासारख्या येक गाड्या चालल्यात. म्हणलं, पौषात कुणाचं वऱ्हाड निघालंय.

हर्षदा: आजी, दुसरा रस्ता असेल तर तो सांगा. मला अंधाराच्या आत दौंडच्या अलीकडे वस्तीवर पोचायचंय. माझे वडील आहेत तिथे.

अनसाबाई: आजारी हायेत?

हर्षदा: डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं.

अनसाबाई: आगं बाई. मग तुला पेरू घे म्हणायची बी सोय न्हाई.

विश्वजीत: सकाळी नाशिकहून निघालो. मी इकडे पहिल्यांदाच येतोय. चाकणपर्यंत ठीक होतं, शिक्रापूरला ट्रकच्या रांगेत अडकलो, न्हावरं सोडलं आणि मग हे असं. हिचं माहेर आहे खरं, पण हिलाही रस्ता कळेना.

हर्षदा: मी एसटीनं जायचे रे. खिडकीला डोकं टेकून झोपून. रस्ता ड्रायव्हरला ठाऊक असायचा. आणि आता आठ वर्षांत इकडे पाऊल टाकलेलं नाही.

अनसाबाई: आठ वर्सं? माहेरी?

हर्षदा: हो.

अनसाबाई: बरं. मग ऐका, नव्या माणसाला सांगते तसं सांगते. उसाचं दिवस हायेत. कारखान्याच्या ट्रॅक्टरला मागं दिवा नसतोय, आन् ट्रॉल्या दोन-दोन. त्याच्या ढुंगणाला लागून जायाचं न्हाई. समूरनं येकच दिवा आला तर फटफटी समजायची न्हाई, त्यो बी ट्रॅक्टरच आसतोय. रस्त्यात ऊस सांडल्याला दिसला तर ब्रेक दाबू नका, गाडी शेवाळावरनं गेल्यावानी जाती. आन् तुरी पसरल्या आसल्या तर त्यावरनं खुशाल घाला. मळायलाच टाकल्याल्या आसत्यात. कोण शिव्या देत न्हाई, उलट बरंच वाटतं.

विश्वजीत: तुरीवरून गेलो की. दोनदा गेलो. आता त्यांची मळणी आम्हीच पुरी करणार असं दिसतंय.

अनसाबाई: आन् मेंढरं आडवी आली तर...

विश्वजीत: ती पण आली.

अनसाबाई: कुठं?

विश्वजीत: इथून थोडं पुढे. रस्ता खाली उतरतो, लहानशी मोरी आहे, तिथे.

अनसाबाई: मेंढरं? आज?

विश्वजीत: आजच. मोठा कळप होता. पुढे एक घोडं, सामान लादलेलं, वर कोंबड्या बांधलेल्या. मागे काठी घेतलेला माणूस. का हो?

अनसाबाई: ह्या दिवसांत इकडं मेंढरं नसत्यात.

हर्षदा: नसतात म्हणजे?

अनसाबाई: तू तर माहेरची म्हणवतीस. दिवाळी झाली की समदं कळप कोकणात उतरत्यात. पाऊस तोंडावर आला की माघारी. पौषात ह्या रस्त्याला मेंढरू नदरंस पडायचं न्हाई. मला तर कवा पडलं न्हाई.

विश्वजीत: एखादा मागे राहिला असेल. सगळेच थोडे जात असतील?

अनसाबाई: आसंल. काठीवाल्यानं डोस्क्याला काय बांधलं व्हतं?

विश्वजीत: लाल पटका.

अनसाबाई: तुमची गाडी बघून त्यानं काय केलं?

विश्वजीत: हात वर केला. थांबा म्हणून.

अनसाबाई: मग थांबलासा न्हवं?

हर्षदा: नाही थांबलो. ह्याला नका विचारू, हा ब्रेक दाबत होता. मीच म्हणाले, हॉर्न दे आणि घाल मधी. शिक्रापूरहून भावाला फोन लावला होता. बिरू म्हणाला, तासाभराचा खेळ आहे, येणार असशील तर ये. आणि पुढ्यात ती मेंढरं. संपतच नव्हती.

अनसाबाई: घोडं कुठल्या अंगाला राह्यलं?

विश्वजीत: घोडं आणि अर्धी मेंढरं पलीकडे गेली होती. तो माणूस आणि बाकीची अलीकडे. मधून आम्ही.

अनसाबाई: कुणाची गं तू, पोरी?

हर्षदा: म्हस्कू शेंडग्यांची.

अनसाबाई: मेंढरं इकून विहीर पाडली, त्यो म्हस्कू?

हर्षदा: तुम्ही ओळखता आबांना?

अनसाबाई: आमचं मालक आन् त्यो संगं कोकणात जायाचं. येका तव्यावरची भाकर खाल्ल्याली माणसं. आन् त्याची लेक तू, तू म्हणलीस घाल मधी?

हर्षदा: माझ्या जन्माआधीच विकली होती मेंढरं. घरात कुणी विषय काढायचा नाही. आबांना आवडायचं नाही.

अनसाबाई: आवडायचं न्हाई आसं न्हवं. सोसायचं न्हाई.

विश्वजीत: मावशी, हिला आणखी नका बोलू. सकाळपासून तिच्या पोटात अन्न नाही. चूक झाली, मान्य. पण मेंढरांचा आणि रस्ता चुकण्याचा काय संबंध?

अनसाबाई: मेंढरं मधी तोडत न्हाईत, पाव्हणं. वाट द्यायची आसती. अर्धी हिकडं, अर्धी तिकडं राह्यली की धनगर म्होरं पाऊल टाकत न्हाई. टाकताच येत न्हाई.

विश्वजीत: मग मेंढरं अडतील. आमची गाडी का अडावी?

अनसाबाई: ते मला काय ठावं. मी पेरू इकते. फिरून फिरून तुम्ही येतायसा, मी न्हाई.

हर्षदा: थांबा, थांबा. रेंज आली. एकच काडी आहे. हॅलो? बिरू? येतंय का ऐकू? आरं आम्ही न्हावऱ्याच्या म्होरं हाय, रस्ता चुकतोय सारखा. आबा कसं हायत? काय? कवापासनं? परत सांग, काय म्हणत्यात? न्हाई, न्हाई, तू धर त्यास्नी. काठी दिऊ नको. पडत्याल. बिरू? हॅलो? गेला फोन.

विश्वजीत: आहेत ना?

हर्षदा: आहेत. उठून बसलेत.

विश्वजीत: मग चांगलंच आहे की.

हर्षदा: दोन दिवस मान उचलली नव्हती, विशू. पाणी घशाखाली जात नव्हतं. ते चहाच्या वेळेला एकदम उठून बसले आणि काठी मागायला लागले. तेव्हापासून एकच धोशा लावलाय. मेंढरं तुटली. घोडं पलीकडं गेलं आन् मी हिकडंच. कुणी घातली गाडी मधी?

विश्वजीत: तू बिरूला मेंढरांचं बोलली असशील.

हर्षदा: कधी? फोन आत्ता लागला.

विश्वजीत: तापात बोलत असतील. जुनं आठवतं माणसाला. सगळं तरुणपण मेंढरांमागे गेलं, मेंढरंच आठवणार.

हर्षदा: आणि गाडी?

अनसाबाई: तुम्ही पैल्यांदा गेलासा तवा मी चहा पीत व्हते. कपातला चहा हिंदकाळला, येवढ्या जोरात गेलासा.

विश्वजीत: मावशी, तुम्हाला काही माहीत असेल तर सरळ सांगा. कोड्यात नका बोलू.

अनसाबाई: माहीत काय बी न्हाई. माझी सासू बोलायची ते सांगते. खरं-खोटं तिला ठावं. ज्यानं मेंढरं सोडली, त्याला शेवटाला न्यायला मेंढरंच येत्यात म्हणायची. पौष बघत न्हाईत, कोकण बघत न्हाईत. घोडं म्होरं, मेंढरं मधी, आन् ज्याला न्यायचं त्यो मागं.

हर्षदा: आणि मधे तुटली तर?

अनसाबाई: तुटल्याचं तिनं कवा सांगितलं न्हाई. आमच्यात कोण तोडतच न्हाई.

हर्षदा: म्हणजे मी अडवलंय त्यांना. मी घाल म्हणाले, म्हणून आबा अजून आहेत.

अनसाबाई: आसं नको बघू, लेकरा.

हर्षदा: मग कसं बघू? विशू, चल. बस गाडीत. अजून एकदा जाऊ.

विश्वजीत: हर्षू, जरा पाणी पी.

हर्षदा: पाणी नको मला. ते आहेत तोवर पोचायचंय. आठ वर्षं ते गावात सांगतायत, मला एकच मुलगा, मुलगी नाही. लग्नाचे पेढे परत पाठवले. दिवाळीचे फोन बिरूनं उचलले, चोरून. मला त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकायचंय. एकदा हर्षे म्हणू देत. नंतर काय व्हायचं ते होऊ दे.

विश्वजीत: माझ्यापायी झालं हे सगळं.

हर्षदा: तुझ्यापायी नाही. त्यांच्या हट्टापायी आणि माझ्याही. चल.

*

विश्वजीत: मोरी गेली. काही नव्हतं तिथे. मेंढी नाही, लेंडी नाही.

हर्षदा: मी बघितलंच नाही. तू पुढे बघ.

विश्वजीत: ही तूर आली. आता शाळा, मग गतिरोधक. रंग तरी द्यायचा त्याला, दिसतच नाही मेला. ह्याच्यानंतर पूल यायलाच हवा.

हर्षदा: विशू, आपल्याला मगापासून एकही गाडी भेटली नाही.

विश्वजीत: आडरस्ता आहे.

हर्षदा: न्हावऱ्यात ट्रॅक्टरची रांग होती. निम्मा रस्ता अडवून बसले होते. इथे चाकांच्या खुणा आहेत, सांडलेला ऊस आहे, आणि ट्रॅक्टर एकही नाही. सायकलवाला नाही. शेतात माणूस नाही.

विश्वजीत: मला नको ना असलं दाखवू. मला गाडी चालवायचीय. काच लाव तुझ्या बाजूची.

हर्षदा: लावलेलीच आहे.

विश्वजीत: मग हा वास कुठून येतोय? ओल्या सतरंजीसारखा.

हर्षदा: लोकर आहे ती. आबांच्या घोंगडीला यायचा असा, पावसात भिजून आले की.

विश्वजीत: आणि मागे हे काय ओरडतंय? तुला ऐकू येतंय ना?

हर्षदा: कोकरू आहे. आई एकीकडे आणि ते एकीकडे राहिलं की असं ओरडतं.

विश्वजीत: तुला काय माहीत? तू तर म्हणालीस, तुझ्या जन्माआधीच विकली.

हर्षदा: मला कसं माहीत ते मलाही कळत नाहीये. मागे वळून बघू नकोस.

विश्वजीत: मी बघत नाहीये. मी पूल शोधतोय. हे वळण गेलं की...

हर्षदा: पूल नाही, विशू. बाभळ आहे. ती बघ पाटी. थांब.

*

अनसाबाई: आलासा?

हर्षदा: आलो. आजी, आता काय करायचं ते तुम्ही सांगा.

अनसाबाई: मी न्हाई सांगायची. बापाचं तुझं तू ठरवायचं. उद्या म्हणशील म्हातारीनं सांगितलं म्हणून केलं.

हर्षदा: नाही म्हणणार.

विश्वजीत: हर्षू, माझं ऐकतेस का? मला हे पटतंय असं नाही. पण समजा खरं आहे, तर कुणी आपल्यावर बंदूक रोखलेली नाही. रात्रभर इथेच बसू. मावशींचे पेरू खाऊ. ते तिकडे आहेत, तू इकडे आहेस. निदान आहेत.

हर्षदा: आणि ते रात्रभर तिकडे काठी मागत बसतील? बिरू एकटा त्यांना धरून. उद्या पण. परवा पण. मी पोचणार नाही, ते सुटणार नाहीत. जनावराला पण असं दावणीला बांधून ठेवत नाही कुणी.

विश्वजीत: पण मग तुझी भेट?

हर्षदा: माझी भेट आपण तिथे तोडली ना मघाशी. मोरीपाशी.

अनसाबाई: मग ऐक. जिथं तोडली तिथंच थांबायचं. गाडी बंद करायची. दिवं मालवायचं. मेंढराच्या डोळ्यावर उजेड पडला की बुजतंय, आन् परत तुटत्यात. हारन न्हाई, दार उघडायचं न्हाई. अंगाला अंग लावून जात्याल, जाऊ द्यायची. शेवटचा माणूस गाडीवर थाप टाकतो, झाली म्हणून. कुठलाबी मेंढका टाकतो. त्याच्या आदी किल्लीला हात लावायचा न्हाई.

विश्वजीत: दिवे बंद करून भर रस्त्यात? मागून उसाचा ट्रॅक्टर आला तर? तुम्हीच म्हणालात, त्यांना दिवे नसतात.

अनसाबाई: येत न्हाई.

विश्वजीत: कशावरून?

अनसाबाई: तुमाला मगाधरनं कोण भेटलं का रस्त्याला?

विश्वजीत: नाही.

अनसाबाई: मला बी न्हाई. चहा पिला तवापासनं येक गिऱ्हाईक न्हाई. नुसतं तुम्हीच दोघं.

हर्षदा: तुम्ही चला ना आमच्याबरोबर. तुम्हाला कळतं सगळं. मला भीती वाटतेय, आजी.

अनसाबाई: मी न्हाई येत.

हर्षदा: थोडा वेळ फक्त. हे परत आणून सोडतील तुम्हाला.

अनसाबाई: लाल पटकेवाला म्हणलासा न्हवं? आमचं मालक बी लालच बांधायचं. आसतील न्हाईतर नसतील. पर मला त्यांच्या म्होरं नको नेऊस. माझ्या घरी नातवंडं हायेत, म्हैस हाय. त्येनी नुसती मान हलवली तरी मी मागं राहायची न्हाई.

विश्वजीत: मग रोज इथेच का बसता?

अनसाबाई: पेरू इकाया.

*

(मोरीजवळ. गाडी बंद, दिवे बंद, काचा खाली. दिवस नुकताच बुडालेला.)

विश्वजीत: इथेच ना?

हर्षदा: इथेच.

विश्वजीत: काही नाहीये. थोडा वेळ बघू आणि जाऊ. अंधार पडला की मी दिवे लावणार, सांगून ठेवतो.

हर्षदा: विशू. समोर बघ.

विश्वजीत: कुठे?

हर्षदा: रस्त्याच्या दोन्ही अंगांना.

विश्वजीत: अरे देवा. कधी आली?

हर्षदा: आली नाहीत. उभीच होती. आपण मगाशी गेलो तेव्हा पण उभी असतील.

विश्वजीत: मधे जागा ठेवलीये. गाडी जाईल एवढी. अर्धी तिकडे, अर्धी इकडे, आणि मधल्या जागेत एकसुद्धा पाय ठेवत नाही.

हर्षदा: आपणच पाडलीय ती जागा.

विश्वजीत: त्या कोकराशिवाय आवाज कसा नाही येत? एवढं जित्राब आहे, एक खूर वाजत नाही.

हर्षदा: हळू बोल.

विश्वजीत: हर्षू, अजूनही वेळ आहे. किल्ली फिरवतो, मागे घेतो गाडी. तू सांग फक्त.

हर्षदा: नको.

विश्वजीत: नक्की?

हर्षदा: नाही नक्की. मला जायचंय त्यांच्याकडे. मला त्यांचे पाय धरायचेत आणि भांडायचं पण आहे. पण नको फिरवू किल्ली. हात काढ तिथून.

विश्वजीत: काढला.

हर्षदा: बघ, हलली. अलीकडची हलली.

विश्वजीत: गाडी हलतेय. कोण ढकलतंय?

हर्षदा: अंग घासतायत रे. जाऊ दे. घाबरलास तर त्यांना कळतं. हात दे इकडे.

विश्वजीत: तुझा हात किती गार पडलाय.

हर्षदा: तुझा पण.

विश्वजीत: जागा भरत आली. आता कळतच नाही कुठे तुटली होती ते. केवढा कळप आहे हा. संपत कसा नाही?

हर्षदा: ह्या वेळेला नाही संपला तरी चालेल.

विश्वजीत: ते कोकरू गप्प झालं.

हर्षदा: सापडली असेल आई. विशू, माणूस येतोय मागून.

विश्वजीत: मगासचाच?

हर्षदा: मगासचा पुढे आहे. लाल पटका. त्याच्या मागे अजून एक आहे.

विश्वजीत: मला नुसती धूळ दिसतेय.

हर्षदा: ताठ चालतायत. मी त्यांना असं ताठ कधी बघितलंच नाही. मला आठवतात ते विहिरीवर बसलेले, पाठीत वाकून. काठी आहे हातात. बिरूनं दिली वाटतं शेवटी.

विश्वजीत: हर्षू, कोण आहे ते?

हर्षदा: आबा आहेत.

विश्वजीत: हाक मार मग. मार ना.

हर्षदा: मेंढरं बुजतील.

विश्वजीत: हळू मार. ह्याच्यासाठी तर आलो आपण. मार, हर्षू.

हर्षदा: आबा. आबा, मी हाय.

विश्वजीत: काय झालं?

हर्षदा: थांबलेत. माझ्या खिडकीशी.

विश्वजीत: काय म्हणतायत?

हर्षदा: काही नाही. बघतायत. मला शाळेतून यायला उशीर झाला की असेच बघायचे, कुठे लागलं-बिगलं नाही ना म्हणून. आधी बघायचे, मग ओरडायचे.

विश्वजीत: ओरडतायत?

हर्षदा: नाही. आबा, चुकलं माझं. मी घाल म्हणले. ह्याची काय चूक न्हाई त्यात. आबा, काय तरी बोला.

विश्वजीत: बोलले?

हर्षदा: तुझ्याकडे बघतायत आता.

विश्वजीत: माझ्याकडे?

हर्षदा: सरळ बस. पटका सारखा करतायत.

विश्वजीत: म्हणजे?

हर्षदा: जावई पहिल्यांदा दारात आला की आमच्याकडे म्हातारी माणसं आधी पटका सारखा करतात. मग रामराम. आठ वर्षं मी मनात हे किती वेळा बघितलंय तुला काय सांगू. आमच्या अंगणात बघायचे मी. तू चपला काढतोयस, आणि ते पटक्याला हात लावतायत.

विश्वजीत: मी काय करू आता?

हर्षदा: हात जोड.

विश्वजीत: कुठल्या बाजूला? मला कुणीच दिसत नाही गं.

हर्षदा: इकडे. माझ्या खांद्यावरून. हां, तसेच. जरा वर. आता बरोबर आहे.

विश्वजीत: रामराम, आबा.

हर्षदा: बघितलं त्यांनी.

विश्वजीत: तुझं नाव घेतलं का?

हर्षदा: नाही. नाही घेतलं.

विश्वजीत: हर्षू...

हर्षदा: वाईट वाटतंय मला. खूप वाईट वाटतंय. पण त्यांचं लक्ष पुढे आहे रे, मेंढरांकडे. एवढ्या वर्षांनी मिळालीत त्यांना. निघाले बघ. मागे वळले नाहीत.

विश्वजीत: हे ऐकलंस? बॉनेटवर कुणीतरी थाप मारली.

हर्षदा: ऐकली.

विश्वजीत: मी पण ऐकली. पत्रा वाजला चांगला. झाली म्हणजे मेंढरं?

हर्षदा: झाली.

विश्वजीत: दिवे लावतो. रस्ता मोकळा आहे. आणि ते बघ, तिकडे लांब, ट्रॅक्टर येतोय. एकच दिवा. त्याच्या मागे आणखी एक आहे. आणि तो पलीकडे पुलाचा कठडाच आहे ना? इतका वेळ इथेच होता?

हर्षदा: पूलच आहे.

विश्वजीत: फोन वाजतोय तुझा. बिरूचा आहे.

हर्षदा: वाजू दे.

विश्वजीत: उचल ना.

हर्षदा: तो काय सांगणार ते मला माहितीये. नंतर करते त्याला. तू गाडी चालू कर.

विश्वजीत: जायचं ना वस्तीवर?

हर्षदा: जायचं. सावकाश चालव, आता घाई नाही.